कृत्रिम बुद्धिमत्ता आधी बसच्या वेळापत्रकाला हवी

माननीय संपादक महोदय,

गोव्यात वाहतुकीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा सिग्नल आणि दंडाचे चलन यांच्यापाशीच थांबते. पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर २०२३ मध्ये अशी यंत्रणा बसवण्यात आली आणि नियम मोडणाऱ्यांना कॅमेऱ्याच्या आधारे आपोआप दंड होऊ लागला. शिस्तीसाठी ते आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु केवळ दंड वसूल केल्याने फोंड्याहून पणजीला जाणारी बस वेळेवर येऊ लागत नाही, आणि बसचा भरवसा नसल्यामुळे ज्याला शक्य आहे तो प्रत्येक जण स्वतःची दुचाकी काढतो, ही खरी अडचण आहे.

रहदारी पाहून स्वतःची वेळ बदलणारे सिग्नल ही काही कालची गोष्ट नव्हे. सिडनी शहरात तशी व्यवस्था १९७०च्या दशकातच उभी राहिली. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१२ मध्ये नऊ चौकांत केलेल्या प्रयोगात प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला. आपल्याकडे रांग न पाळणाऱ्या मिश्र रहदारीसाठी सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेनेही स्वतंत्र प्रणाली विकसित केलेली आहे. तेव्हा तंत्र उपलब्ध आहे. मात्र २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पंधरा लाखांच्याही आत असलेल्या या राज्यात नोंदणीकृत वाहनांचा आकडा पंधरा लाखांच्या पुढे गेला असताना केवळ सिग्नल हुशार करून किती साधेल? मांडवीवरचा तिसरा पूल, अटल सेतू, जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. तरी पुलापलीकडच्या पर्वरीची कोंडी सुटली नाही आणि आता तिथे उड्डाणपूल उभारावा लागत आहे. रस्ता मोकळा झाला की त्यावर आणखी गाड्या येतात, हा अनुभव आपण पुरेसा घेतला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, या तंत्रावर होणाऱ्या खर्चाचा पहिला वाटा बससेवेला मिळावा. इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्रात प्रवासी कुठे चढला, कुठपर्यंतचे तिकीट काढले आणि किती वाजता काढले याची नोंद होते. बसमधील स्थानदर्शक (जीपीएस) उपकरणावरून गाडी कुठे रखडली ते कळते. या दोन नोंदी एकत्र करून त्यांना शाळांच्या सुट्ट्या, कुंडई औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांच्या वेळा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, जत्रा, शिमग्याच्या मिरवणुका आणि पावसाचा अंदाज यांची जोड दिली, तर कोणत्या दिवशी कोणत्या मार्गावर किती बसगाड्या लागतील हे संगणक बऱ्याच अचूकपणे सांगू शकतो. जुन्या वाहतूक नियंत्रकांना यातले पुष्कळ अनुभवाने ठाऊक असते. वेळापत्रकात मात्र ते उतरत नाही.

येथे एक धोका आहे, आणि त्याकडे तंत्रज्ञान विकणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. तिकिटाची नोंद चढलेल्या प्रवाशाची होते. तासभर थांबून अखेर कुणाच्या तरी स्कूटरवरून गेलेल्या बाईची, अथवा परतीची बस मिळणार नाही म्हणून बांबोळीच्या इस्पितळातील तपासणी पुढे ढकलणाऱ्या वृद्धाची नोंद कोणत्याही यंत्रात नसते. सत्तरी तालुक्यातील एखाद्या गावाला संध्याकाळी सातनंतर बसच नसेल, तर त्या वेळची मागणी आकडेवारीत शून्य दिसेल आणि तेवढ्याच माहितीवर शिकलेली प्रणाली तिथे बसची गरज नाही, असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने काढेल. यावर उपाय म्हणजे पंचायतनिहाय पाहणी करणे, रात्रीच्या काही फेऱ्या प्रायोगिक म्हणून निदान काही महिने चालवून पाहणे, आणि फेरी बंद करण्याचा निर्णय कधीही यंत्रावर न सोपवणे.

खासगी बसमालकांना वगळून तर यातले काहीच होणार नाही. गाडी भरेपर्यंत थांबायचे आणि मग पुढच्या बसला गाठण्यासाठी सुसाट पळायचे, हा त्यांचा स्वभावदोष नसून दिवसाचे उत्पन्न उचललेल्या प्रवाशांवर अवलंबून असल्याचा परिणाम आहे. खासगी गाड्या कदंब या राज्याच्या परिवहन महामंडळाच्या छत्राखाली आणणारी ‘म्हजी बस’ योजना त्यासाठीच महत्त्वाची आहे. धावलेल्या किलोमीटरनुसार आणि वेळ पाळण्यानुसार मोबदला मिळाला, तर स्थानदर्शक उपकरण मालकाला पाळत न वाटता त्याच्या बिलाचा पुरावा ठरेल. सिग्नलची हुशारीही मग सत्कारणी लागेल: उशीर झालेली, भरलेली बस जवळ येताच हिरवा दिवा काही सेकंद लांबवणे हे तंत्र अनेक शहरांत रुळलेले आहे.

माहिती कोणाच्या ताब्यात राहील, हेही करार करतानाच ठरले पाहिजे. दिल्लीने २०१८ मध्ये आयआयआयटी-दिल्ली या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने बसमार्गांची आणि बसच्या प्रत्यक्ष स्थानाची माहिती सर्वांसाठी खुली केली. आपल्याकडेही ती खुली व्हावी. मात्र प्रवाशांचे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक यांचा साठा कंत्राटदार कंपनीकडे पडून राहू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला असताना ही अट घालायला सरकारला अडचण नसावी.

सुरुवात फोंडा-पणजी मार्गावर करता येईल. म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, जुने गोवे असा हा मार्ग विद्यार्थी, कामगार, भाविक आणि कार्यालयीन कर्मचारी या सर्वांचा आहे, आणि गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुढीला याच मार्गावर आहे. कदंब महामंडळाने या मार्गाची तिकीट व स्थान यांची नोंद, प्रवाशांची ओळख वगळून, महाविद्यालयाला उपलब्ध करून द्यावी आणि वाहतूक खात्याने खासगी बसमालक व प्रवासी यांना सोबत घेऊन पहिली बैठक येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी बोलवावी, अशी विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक बसप्रवासी, फोंडा