टेक्सासचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर जे विचारलंस त्याचं उत्तर मी लगेच दिलं नाही. तू ड्यूटीवरून दमून आली होतीस आणि हा विषय घाईत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहिते आहे. टेक्सासमध्ये पोडियाट्रीचं, म्हणजे पावलांच्या डॉक्टरकीचं, लायसन्स मिळवायच्या अर्जात शिक्षणात पडलेल्या खंडाबद्दल विचारलं, तर दुसऱ्या वर्षी घेतलेल्या रजेचं लिहायचं का? लिही. आढेवेढे न घेता लिही.

आधी व्यवहाराचं सांगते. तुझ्याबद्दलची माहिती फक्त तुझ्याकडूनच जाते असं नाही. डीपीएमच्या, म्हणजे तुझ्या पोडियाट्रीच्या डिग्रीची खातरजमा कॉलेज स्वतः करून देतं. रेसिडेन्सीचे, म्हणजे डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगचे, डायरेक्टर त्यांचं वेगळं पत्र देतात. तुझ्या बोर्ड परीक्षांचे निकाल फेडरेशन ऑफ पोडियाट्रिक मेडिकल बोर्ड्सकडून परस्पर राज्याकडे जातात. हे सगळे कागद शेजारी ठेवून वाचणारा माणूस तारखाच आधी बघतो, आणि चार वर्षांच्या डिग्रीला तुला जास्त वेळ लागला हे त्याला दिसणारच. रजा घेणं हा काही गुन्हा नाही. पण अर्जात खोटं लिहिणं हे मात्र लायसन्स नाकारायला पुरेसं कारण होऊ शकतं. एकदा नाकारलं की पुढे कुठल्याही राज्याचा अर्ज, हॉस्पिटलचा अर्ज, विमा कंपनीचा अर्ज हातात घे, त्यात हा प्रश्न असतो: याआधी कधी लायसन्स नाकारलं गेलं आहे का? ते ओझं तू आयुष्यभर का वाहावंस?

कसं लिहायचं तेही सांगते. रजा कधीपासून कधीपर्यंत, कॉलेजच्या मंजुरीने घेतली, परत आल्यावर अभ्यासक्रम पूर्ण केला, रेसिडेन्सी सलग केली. चार वाक्यं पुरतात. सोबत रजिस्ट्रारचं पत्र जोड. दिलगिरी व्यक्त करू नकोस. आजारी माणसाने बरं होण्यासाठी वेळ घेतला, त्यात दिलगिरी कसली?

आणि मनू, जेवढं विचारलं आहे तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. खंडाचा प्रश्न वेगळा, तब्येतीचा वेगळा. तब्येतीच्या प्रश्नातला शब्द न् शब्द वाच. आज काम करण्याच्या क्षमतेवर परिणाम करणारं काही आहे का, असं विचारलं असेल तर उत्तर आजचं द्यायचं. त्या वर्षी तू कुणाकडे जात होतीस, कुठल्या गोळ्या घेत होतीस, हे न विचारता सांगायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या इमर्जन्सी विभागातल्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी २०२० च्या एप्रिलमध्ये आत्महत्या केली, तेव्हा तू पेपरमध्ये वाचून मला फोन केला होतास. मदत घेतली तर लायसन्स जाईल अशी त्यांना भीती वाटत होती, असं त्यांच्या घरच्यांनी नंतर सांगितलं. २०२२ मध्ये डॉक्टर-नर्सेसच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाचा कायदा झाला, आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या फाउंडेशनच्या पाठपुराव्यामुळे बऱ्याच राज्यांनी आपल्या अर्जांतले तब्येतीचे जुने प्रश्न बदलले. तू वेळेवर मदत मागितलीस. मला आजही त्याचा अभिमान वाटतो, आणि तुलाही वाटायला हवा.

आता व्यवहारापलीकडचं. पुण्यात फिजिओथेरपी शिकत असताना आम्हाला कोंढव्याला कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात पाठवायचे. तिथे पहिल्यांदा कळलं की ज्या पायाला दुखत नाही तो पाय सर्वांत जास्त धोक्यात असतो. चपलेत खिळा घुसलेला असायचा आणि माणूस त्यावर दिवसभर चाललेला असायचा. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं: बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना गेल्यामुळे तीच तीच जागा चिरडली जाते आणि जखम होते. पुढे ते लुईझियानात कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे मधुमेह्यांच्या बधिर पायांनाही हेच ज्ञान लागू पडलं. स्पर्श कळतो का ते बघायला तू रोज पेशंटच्या तळव्याला टेकवतेस तो दहा ग्रॅमला वाकणारा नायलॉनचा तंतू, पूर्ण पायाला बसणारं ते प्लास्टर, दोन्ही कुष्ठरोगाच्या कामातूनच तुमच्याकडे आलं आहे. आम्ही एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपला कापायचो, तू इनसोल लिहून देतेस. काम एकच आहे.

अशा पेशंटला स्वतःच्या पायाची खबर नसते. घट्ट्याखाली पू आहे की नाही हे तो तुझ्या तोंडून ऐकतो आणि मान हलवतो. त्याच्याकडे पडताळून बघायला काहीच नसतं, दुखणंसुद्धा नाही. त्याच्या वतीने ही पडताळणी राज्य करतं, आणि ती सुरू होते तुझ्या या अर्जापासून. म्हणून अर्जात पहिलंच उत्तर खरं हवं असं मी म्हणते. तू खोटं लिहिशील असं मला वाटत नाही. पण दमलेल्या माणसाला सोपी वाट समोर दिसते, आणि काल तुझ्या आवाजात दमणूक होती.

दुसरी गोष्ट ह्यूस्टनच्या नोकरीची. लायसन्स मिळालं म्हणजे रेसिडेन्सीत शिकलेलं सगळं करता येईल असं गृहीत धरू नकोस. टेक्सासच्या कायद्यात पोडियाट्री म्हणजे पावलाचे उपचार, पण पाऊल नेमकं कुठे संपतं यावरून तिथे कोर्टबाजी झालेली आहे. २००१ मध्ये तिथल्या पोडियाट्री बोर्डाने नियम करून घोटाही त्यात धरला. अस्थिशल्यविशारदांची संघटना कोर्टात गेली आणि २००८ मध्ये ऑस्टिनच्या अपील कोर्टाने तो नियम रद्दबातल ठरवला. बोर्डाने स्वतःच्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलं असं कोर्टाचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये ते बोर्डच मोडलं आणि काम टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशनकडे गेलं. दर राज्याचा नियम वेगळा; न्यूयॉर्कमध्ये घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी पोडियाट्रिस्टला लायसन्सवर आणखी वेगळी परवानगी लागते. घोट्याची फ्रॅक्चर्स हा तुझा आवडता भाग. म्हणून नोकरीच्या करारावर सही करण्याआधी हॉस्पिटलकडून लेखी घे की तुला कुठल्या शस्त्रक्रियांची मुभा देणार. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस. तिथल्या कायद्याची जी परीक्षा द्यावी लागते तिचा अभ्यासही मनापासून कर; पास होण्यापुरतं वाचून तो कायदा बाजूला ठेवू नकोस.

तुझ्या एमडी मैत्रिणीला कॉम्पॅक्टमधून, म्हणजे राज्यांनी आपसात केलेल्या लायसन्सच्या करारातून, पटापट दुसऱ्या राज्यांची लायसन्स मिळाली म्हणून तू हळहळत होतीस. तो करार एमडी आणि डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर, यांच्यापुरता आहे, डीपीएमना त्यात जागा नाही. तुला दर राज्याला वेगळा अर्ज करावाच लागेल. म्हणून पेनसिल्व्हेनियातलं ट्रेनिंगचं लायसन्स, परीक्षांचे निकाल, लसीकरण, केसलॉग (केलेल्या केसेसची नोंद), डायरेक्टरांचं पत्र, सगळ्याच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेव. हॉस्पिटलचे ईमेल तीस जूननंतर बंद होतील. अर्जावर घरचाच ईमेल दे.

डीईएचं, म्हणजे नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठीच्या केंद्रीय रजिस्ट्रेशनचं, घाईने भरू नकोस. तीन वर्षांचे ८८८ डॉलर पडतात आणि ते रजिस्ट्रेशन ज्या राज्यात प्रॅक्टिस करायची त्या राज्याच्या लायसन्सवर टेकलेलं असतं. आधी टेक्सासचा नंबर हातात येऊ दे. व्यसनाधीनतेवरच्या उपचारांचं आठ तासांचं ट्रेनिंग २०२३ पासून त्यासाठी सक्तीचं आहे, ते मात्र आत्ताच करून टाकता येईल. लायसन्स, मग डीईए, मग मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी विमा) आणि विमा कंपन्यांचे पॅनेल, ही साखळी लांबते. सप्टेंबरात पेशंट बघायचे असतील तर अर्ज याच महिन्यात जायला हवा.

नावाचंही बघ. डिप्लोमावर माहेरचं आडनाव आणि मधे बाबांचं नाव आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं आडनाव आणि मधलं नाव गायब. आपल्याकडच्या मुलींचे अर्ज यात हमखास अडकतात. अर्जात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं घाल, आधीची नावं विचारतात तिथे सगळी रूपं लिही, आणि बोटांचे ठसे देताना तेच ओळखपत्र ने. मॅरेज सर्टिफिकेटच्या सर्टिफाइड प्रती बाबांनी मागवल्या आहेत, आल्या की दोन तुला पाठवतो.

रजेबद्दलचा परिच्छेद लिहून झाला की हवं तर मला पाठव. शब्द तुझेच राहू देईन, फक्त तारखा ताडून बघेन. त्या वर्षीची कॉलेजची सगळी पत्रं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत.

तुझी,
आई