तेल तापतंय, तर आजच सांग

नागोया, जपान

चि. बंटीस अनेक आशीर्वाद.

हायड्रॉलिक प्रेसचं तेल तापतंय पण मशीन चालू आहे, मग साहेबांना आत्ता सांगू की खात्री झाल्यावर, असं विचारलंस. आत्ताच सांग. हायड्रॉलिक तेल 60 अंशांच्या वर राहिलं की लवकर खराब होतं, पातळ होऊन पंप झिजवतं. तेल पाण्याने थंड करणारा कूलर साफ करणं एका शिफ्टमधलं काम आहे. पंप गेला तर सुटा भाग मिळेपर्यंत प्रेस उभा.

इकडे नव्या माणसाला 'होरेन्सो' शिकवतात. होकोकु म्हणजे झालेलं कळवणं, रेनराकु म्हणजे संबंधितांच्या कानावर घालणं, सोदान म्हणजे विचारणं. तिघांची सुरुवात जोडून जपानी शब्द होतो पालकाच्या भाजीचा, म्हणून तो विसरत नाही. तुझं काम सोदानचं आहे, त्याला शंका पुरते. टोयोटाच्या गाड्या जोडायच्या लाइनवरही कामगाराने अडचण कळवायची दोरी ओढली की लाइन लगेच थांबत नाही. दिवा लागतो, टीम लीडर येतो, गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकते. तोवर अडचण सुटली तर थांबवावीच लागत नाही.

सांगण्याआधी दहा मिनिटं दे. टाकीची पातळी बघ. कूलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याचं तापमान घे. फरक खूप असेल तर पाणी कमी येतंय. पाणी पुरेसं असून फरक जवळजवळ नसेल तर कूलर आतून चोंदलाय. होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, फुगला असेल किंवा तेल उडत असेल तर मात्र आधी मशीन बंद, मग फोन.

मग असं लिही: "प्रेस 3. तेल सोमवारी 48, आज दुपारी 2 ला 57 अंश. लोड तोच, पातळी ठीक. पाण्याचा प्रवाह नेहमीचा, फरक 1 अंश. कूलर चोंदला असावा, खात्री नाही. शिफ्ट संपल्यावर मशीन मिळालं तर उघडतो. तोवर दर अर्ध्या तासाला रीडिंग घेतो. 60 झालं तर थांबवू का?"

"तेल जरा गरम वाटतंय" एवढंच लिहिलंस तर साहेब "बघू" म्हणतील, कारण त्यात ठरवण्याजोगं काहीच नाही. ग्रुपवर टाकू नकोस, तिथे ते शुभ सकाळच्या फुलांखाली जाईल. आधी प्रत्यक्ष सांग, मग त्यांनाच लिहून पाठव, लॉगबुकात वेळ टाक. अर्ध्या तासात उत्तर नाही आलं तर फोन कर, तोही नाही उचलला तर शिफ्ट इनचार्जला गाठ.

आई-बाबांना नमस्कार. संध्याकाळचं रीडिंग मलाही कळव.

तुझी,
ताई