जिप्सीत एक जागा मिळेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीसाठी जंगल सफारीची माहिती आपल्या पुरवणीत वाचली. वाघ कुठल्या गेटला दिसतो इथपासून रिसॉर्टच्या जेवणापर्यंत सगळं होतं. एकट्या माणसानं जायचं कसं, तेवढं राहिलं.

मी पोस्टातून निवृत्त झालेली बाई. या शरदात ताडोब्याला जाऊन अस्वल बघायचा बेत आहे, एकटीनंच. भाचा म्हणाला, "आत्या, ताडोब्याला जाऊन अस्वल कोण बघतं?" मी बघते! लहानपणी पंचवटीत दरवेशी यायचा, नाकातून दोरी ओवलेलं अस्वल घेऊन. बायका पोरांसाठी त्याच्या केसांचे ताईत करून घ्यायच्या. तेच जनावर मोकळेपणी वारूळ फोडताना एकदा बघायचंय. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं आणि तो आवाज म्हणे बराच लांबवर येतो.

ताडोब्याचा कोअर, म्हणजे गाभ्याचा भाग १ ऑक्टोबरला उघडतो. तेव्हा गवत उंच असतं आणि मे महिन्यात पाणवठ्यावर जनावर सहज दिसतं, हे ठाऊक आहे. पण चंद्रपूरचा मे माझ्या रक्तदाबाला झेपणार नाही. नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीनं नागपूर, तिथून चंद्रपूर, पुढे ताडोब्याचं मोहर्ली गेट. इथपर्यंत सगळं जमलं. घोडं अडलं ते जिप्सीपाशी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीपाशी.

जिप्सीत पर्यटक सहा बसतात आणि पैसे गाडीमागे पडतात. आत मी एकटी असले तरी गाडी पूर्ण, गाइड पूर्ण. टूरवाल्यांकडे गेले तर सगळे दर ट्विन शेअरिंगचे, म्हणजे एका खोलीत दोघं धरून, एकटीला वेगळा आकार. एकानं तर "कुणी जोडीदार बघा ना" असं सुचवलं. या वयात!

बरं, गाडी टाळून भागणार नाही. अस्वलाची नजर अधू असते. वारुळात तोंड खुपसलेलं असताना माणूस अचानक समोर आला, तर ते पळेलच असं नाही, सरळ अंगावर येतं. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या विदर्भातल्या बायांना हे कुणी सांगावं लागत नाही. एकटीनं जाणं म्हणजे जंगलात पायी भटकणं नव्हे, एवढं मलाही कळतं.

रणथंबोरला जिप्सीतली जागा माणशी मिळते. कर्नाटकात हंपीजवळ दरोजीला १९९४ पासून खास अस्वलांचं अभयारण्य आहे. तिथे समोरच्या टेकडीच्या खडकांना वनखात्याची माणसं गुळाचं पाणी लावतात आणि दुपार कलली की अस्वलं खाली उतरतात. पर्यटक मनोऱ्यावरून बघतात, तिथे एकट्याचं काही अडत नाही. गूळ लावून बोलावलेलं अस्वल मला फारसं रुचत नाही, हा भाग वेगळा.

आणि दूर कशाला, बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य आहे. मलकापूर स्टेशन तर आमच्याच लाइनवर. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत एक वाघ तिथे पोचला, तेव्हा कुठे लोकांना ज्ञानगंगेचं नाव कळलं. अस्वलं त्या वाघाच्या आधीपासून तिथे आहेत. आपल्या पुरवणीत त्यांनाही अर्धं पान मिळावं.

वनखात्याला विनंती एवढीच, की प्रत्येक गेटला फेरीगणिक एखादी तरी जिप्सी माणशी दरानं ठेवावी. तोवर कुणा पाच जणांच्या गाडीत, मोहर्ली गेट, सकाळची फेरी, एक जागा रिकामी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. सहावा हिस्सा रोख देईन. वाघ दिसला म्हणून गाडी थांबली तरी कुरकुरणार नाही; फक्त अस्वल दिसल्यावर "चला पुढे" म्हणू नये.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक