वजनकाट्याच्या सीरियल कार्डासाठी केलेल्या मदतीबद्दल जाहीर आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही. तरीही गळीत हंगाम तोंडावर आलेला असताना आपण माझ्या प्रत्येक ईमेलला ज्या सबुरीने उत्तर दिलेत, त्याबद्दल चार ओळी जाहीरपणे लिहाव्यात असे मनापासून वाटले.

कारखान्याच्या वजनकाट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, वजन पाठवतो. ते लिनक्सच्या संगणकात घेण्यासाठी आणलेले संगणकात बसवायचे चार सीरियल पोर्टांचे पीसीआय कार्ड कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) यादीत नव्हते, तरी कर्नलने अंदाज बांधून चारही पोर्ट दाखवले होते. पडद्यावर मात्र वजनाऐवजी निव्वळ कचरा उमटत असे. पोर्टाच्या दोन आणि तीन क्रमांकांच्या, म्हणजे घेण्याच्या व पाठवण्याच्या, पिना एकमेकींना जोडून पाहिल्या, तर टंकलेले अक्षर जसेच्या तसे परत येई. त्यामुळे सगळा दोष केबलवर ढकलून मी मोकळा झालो होतो.

पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच चुकीच्या घड्याळावर चालत असतील, तर या चाचणीत चूक कधीच दिसणार नाही, हे आपण दाखवून दिलेत. रोमन लिपीतील मोठा ‘यू’ सतत पाठवून ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारे यंत्र) लावण्यास आपण सांगितलेत, कारण त्या अक्षराचे बिट आलटून पालटून शून्य आणि एक असतात व सरळ चौकोनी लाट मिळते. एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा हवा होता. तो जेमतेम १३ चा निघाला. बरोबर आठपट वेग! कार्डाच्या घड्याळाला ठोके देणाऱ्या क्रिस्टलच्या डबीवर भिंग धरले, तेव्हा १४.७४५६ हा आकडा दिसला. नेहमीच्या १.८४३२ मेगाहर्ट्झला १६ ने भागले की ११५२०० येतात आणि ९६०० साठी भाजक १२ लागतो. कर्नल तोच १२ या कार्डाला देत होता आणि कार्ड निमूटपणे ७६८०० ने बोलत होते. त्या संध्याकाळी मुद्दाम १२०० बॉड मागितला आणि ट्रॉलीचे वजन प्रथमच स्वच्छ वाचता आले.

खरे ऋण मात्र त्यापुढचे आहे. उत्साहाच्या भरात मी पाठवलेल्या पॅचमध्ये (कोडमधील दुरुस्तीत) कर्नलचा मूळ ११५२०० हा आकडाच ९२१६०० केला होता. (आज तो पॅच उघडून पाहायलाही लाज वाटते.) असे केल्यास ज्या अनोळखी कार्डांवर साधे क्रिस्टल आहे, ती सगळी बंद पडतील, हे आपण न रागावता समजावलेत. तीच चिप निरनिराळे उत्पादक निरनिराळ्या क्रिस्टलसह वापरतात. म्हणून केवळ चिपच्या ओळख-क्रमांकावर न थांबता कार्डाच्या उप-ओळख-क्रमांकांसह नोंद करावी, असा आपला आग्रह होता. चार पोर्ट आणि ९२१६०० ही जोडी ड्रायव्हरच्या (कर्नलमधील अशी कार्डे चालवणाऱ्या भागाच्या) तक्त्यात आधीपासूनच होती. आमच्या कार्डाची नोंद तिला जोडून देणे एवढेच काम उरले, आणि तेवढ्यासाठीही आपण माझ्याकडून पॅचचे वर्णन तीनदा लिहून घेतलेत.

‘बॉड १२०० ठेवावा, ९६०० करू नये’ अशी चिठ्ठी काट्यावरच्या मॉनिटरला चिकटवली होती. नवा कर्नल बसवल्यावर ती काढून टाकली.

आपला कृतज्ञ,
काट्यावरचा संगणक सांभाळणारा