गमबूट पाठवतोय

दिवेआगर, शनिवार

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली? आई म्हणते, रेंज. "लोकांच्या मांजरांपायी जीव देणार आहेस का" असं मी बोलायला नको होतं. पण तूही सांगितलंस ते कसं, भाजी आणल्यासारखं! गुडघाभर पाण्यातून गेले, तिसऱ्या घरचं खाणं वेळेवर घातलं.

आता पाण्याबद्दल काही लिहिणार नाही.

इथे तीन दिवस धो धो चाललाय. पोफळींवर कोळेरोग दिसायला लागलाय आणि बोर्डोचं औषध फवारायला उघडीप नाही. दादाचं मोटरचं प्रकरण मिटलं एकदाचं. काका विचारत होते, मुलगी मुंबईत करते काय. मी म्हटलं, मांजरं सांभाळते. हसले. मग सांगितलं त्यांना, पाच घरं, पाच किल्ल्या, एकीला थायरॉइडची गोळी चुकवायची नाही. त्या बोक्याची लघवी अडकलीय हे हिने ओळखलं, मालक दुबईत असताना. एक-दोन दिवसांत दगावला असता. काका गप्प. माझा आवाज चढला होता म्हणे.

पण सोनू, २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एवढे मोठे डॉक्टर गाडी सोडून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. शहाणा माणूस. पाण्याखाली रस्ता दिसत नाही, एवढंच. शिवाय तो लेप्टोचा ताप. उंदरांचं मूत त्या पाण्यात, आणि तुझ्या पायांवर कायम मांजरांचे ओरखडे. पाण्यातून गेलीस तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठ, गोळी देतात. मनाने घेऊ नकोस.

झालं बघ सुरू. राग मानू नकोस. मला दुसरं येत नाही.

२०२० चा ३ जून आठवतो? निसर्ग वादळ. पडवीचे पत्रे कागदासारखे उडत होते. मनीने दोन पिल्लं तोंडात धरून कणगीमागे नेली, तिसरं गोठ्यात राहिलं. तू गेलीस. मी ओरडत राहिलो आणि तू त्याला ओढणीत गुंडाळून परत आलीस, मागे नारळ आडवा झाला. मी तुला मारलं. सतरा वर्षांच्या मुलीला, पिल्लू छातीशी असताना. आईने त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता. वाडी सगळी आडवी झाली, त्याचं एवढं काही नाही, पोफळी पुन्हा लावल्या.

मनी नंतर दोन दिवस बाहेर येईना. मी काठी घेतली. तू म्हणालीस, बाबा, ओढायचं नाही, तिला आपलं आपण येऊ दे. ताटली तिथेच सरकवून गप्प बसून राहिलीस. हे तुला कोणी शिकवलं होतं? मी तर नाही.

श्रीवर्धनहून गमबूट घेतलेत, सहा नंबर. एसटीने सोमवारी मिळतील. आत आईने मेतकुटाची पुडी कोंबली आहे. गुडघ्याच्या वर पाणी असलं तर बूट भरतात, तेव्हा तसल्या पाण्यात जायचंच नाही. मालकांना विचारून एखादी जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवता येते का बघ. एका वेळचं खाणं त्यांनी घातलं तर मांजर काही रुसणार नाही.

बाबा

ता. क. विजांना घाबरून पलंगाखाली बसली होती ती मांजरी बाहेर आली का? जेवली का? कळव.