अपंगांची फक्त जागतिक अपंग दिनालाच आठवण का?
संपादक साहेब,
कर्णबधिर कलाकाराला अभिनयाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं १९८७ मध्ये, मार्ली मॅटलिन यांना, आणि दुसऱ्यांदा थेट २०२२ मध्ये, ट्रॉय कॉट्सर यांना, म्हणजे मधे ३५ वर्षं गेली. तेवढी वर्षं टॅलेंट नव्हतं का? होतं की, पण कर्णबधिर पात्रांचे रोलही अनेकदा ऐकू येणाऱ्यांनाच द्यायचे आणि वर कौतुकही त्यांचंच. ऑफिसातही तेच, पोस्टरवर सगळ्यांचे हसरे फोटो पण मीटिंगला कॅप्शन, म्हणजे बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवणाऱ्या ओळी, लावा म्हटलं की कुरकुर. खरंच साथ द्यायची असेल तर सहकाऱ्याला कोणी मधेच तोडलं की तिथल्या तिथे बोला, नंतर बाजूला घेऊन सॉरी म्हणून काय उपयोग? आणि पेपरवाल्यांनीही अपंग व्यक्तींना बजेटवर, खेळावर, निवडणुकीवर पण मत विचारावं.
- एक नियमित वाचक