पेनड्राइव्ह फेकायच्या आधी

संपादक साहेब, नमस्कार,

घरच्या कॉम्प्युटरचं काही अडलं की आपण आधी वस्तूलाच शिव्या देतो म्हणून लिहितोय. माझंच बघा, पेनड्राइव्हमध्ये १५ जीबी जागा मोकळी आणि ५ जीबीचा व्हिडिओ काही केल्या जाईना, फाइल फार मोठी आहे म्हणून मेसेज, मी तर तो फेकायलाच निघालो होतो. मग कळलं की तो फॅट३२ मध्ये (ही फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट केलेला, आणि त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसतच नाही, जागा कितीही असू दे. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलं, झालं काम. (फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं हं, आधी दुसरीकडे कॉपी करा, मी दोन वर्षांचे फोटो असेच घालवलेत.)

वायरलेस माऊस अडखळला की लोक सेल बदलत बसतात, पण कधीकधी रिसीव्हर (माऊसचा कॉम्प्युटरला लावायचा तो छोटा तुकडा) यूएसबी ३.० वाल्या हार्ड डिस्कला चिकटून असतो आणि तिचा रेडिओ गोंगाट नेमका माऊसच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये येतो. छोट्या एक्स्टेंशन वायरने रिसीव्हर लांब न्या, बघा फरक.

टीव्हीला जोडणारी एचडीएमआय वायर लावल्यावर आवाज गेला तर साउंड सेटिंगमध्ये स्पीकर निवडा, आवाज बहुतेक टीव्हीकडे गेलेला असतो. प्रिंटर गप्प असेल तर रांगेत अडकलेली जुनी प्रिंट काढा.

तुमच्या पुरवणीत असल्या गोष्टींना एक कोपरा द्या की, नव्या फोनची कौतुकं जरा कमी झाली तरी चालतील आम्हाला.

– एक वाचक